राहिलेला हातचा

भाऊबीजेला ताईकडे गेलो तेव्हा पिशवीत फराळाच्या डब्याशेजारी आठवीच्या गणिताच्या पेपरांचा गठ्ठा होता. प्रथम सत्राचे पेपर दिवाळीच्या सुट्टीतच तपासून व्हायचे, हे माझं दरवर्षीचं. मी एका अनुदानित हायस्कुलात आठवी ते दहावीला गणित शिकवतो. ताई जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये तीस वर्षं पहिली-दुसरी-तिसरीचे वर्ग सांभाळून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. आमचा एक जुना वाद आहे. ती म्हणते, मूल जिथं अडलंय तिथं जाऊन शिकवा, इयत्ता कुठलीही असो. मी म्हणतो, आठवीत बसलेल्या मुलाला आठवीचं गणित मिळालंच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. कोरोनाआधी हा वाद चहाबरोबर संपायचा. आता संपत नाही.

ओवाळून झालं. मी ओसरीत सतरंजी टाकून पेपर काढले. ताईनं चष्मा लावला आणि वरचाच पेपर उचलला.

"हे बघितलंस?"

सूट व कमिशन या धड्यावरचा एका गुणाचा प्रश्न होता. छापील किंमत 302 रुपये, सूट 47 रुपये, तर विक्री किंमत किती? मुलानं उत्तर लिहिलं होतं 345.

"बघितलं. सूट दिल्यावर किंमत वाढली. आठवीतल्या मुलाला साधी वजाबाकी येत नाही, ताई."

"येत नाही असं कसं म्हणतोस? केलीय की त्यानं. सातातून दोन गेले, पाच. चारातून शून्य गेलं, चार. तीन तसेच खाली. एकक, दशक, शतक, तिन्ही घरं एकाच नियमानं सोडवलीत. मोठ्यातून लहान वजा करायचा. त्यानं नियम कुठं मोडला नाही."

"पण तो नियमच चुकीचा आहे."

"तो नियम आम्हीच दिला. मी स्वतः शेकडो वेळा फळ्यासमोर उभं राहून सांगितलंय, वजाबाकी नेहमी मोठ्यातून लहानाची. सुरुवातीला तेवढं पुरतं, कारण तेव्हाची गणितं बिनहातच्याची असतात. पुढं हातचा येतो. तेव्हा आम्ही काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवतो, दहा काड्या सुट्ट्या करतो, आणि मग मुलाला कळतं की वरचा आकडा लहान असला तरी वजाबाकी थांबत नाही, शेजारच्या घरातून दहा आणता येतात. आता सांग, हा मुलगा मार्च 2020 मध्ये कितवीत होता?"

मी मागं मोजत गेलो. आठवी, सातवी, सहावी. दुसरीत होता.

"म्हणजे नियम शिकला आणि शाळा बंद झाली," ताई म्हणाली. "दुरुस्ती आलीच नाही."

मी पेपर परत हातात घेतला. पंधरा वर्षांत असली चूक मी हजारदा पाहिली असेल. फुली मारून पुढं गेलो असेन. या फुलीमागं एक तारीख असू शकते, हे तोवर कधी डोक्यात आलं नव्हतं. महाराष्ट्रात ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा उघडले ते 1 डिसेंबर 2021 ला. मार्च 2020 पासून मोजले तर वीस महिने. हा मुलगा दुसरीतून घरी गेला आणि वर्गात परतला तो चौथीच्या मध्यावर. तिसरीचं अख्खं वर्ष त्याच्या आयुष्यात फक्त निकालपत्रावर आहे.

"पण त्या काळात काहीच झालं नाही असं नाही," मी म्हणालो. "अभ्यासक्रम 25 टक्क्यांनी कमी केला होता. 2021 च्या जुलैत 45 दिवसांचा सेतू अभ्यास आला. सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली मालिका लागायची."

"टिलीमिलीनं माझ्या गावातली काही मुलं तगली, ते मी कुणासमोरही सांगेन. पण ज्यांच्या घरात टीव्ही नाही, त्यांचं काय? आणि सेतूचं म्हणशील तर, जुलै 2021 मध्ये माझी शाळा बंदच होती. सेतूच्या चाचण्या मी व्हॉट्सॅपवर पाठवत होते. बावीस मुलांपैकी नऊ घरांत मोठा फोन, त्यातले बरेच बापाच्या खिशात आणि बाप दिवसभर कामावर. काही पोरं ओट्यावर बसवून शिकवली, तोंडाला रुमाल बांधून. ती पोरं हातचा शिकली. बाकीची नाही शिकली."

"आणि 25 टक्के?"

"पुस्तकातले धडे कमी करता येतात रे. जिन्याच्या चार पायऱ्या काढल्या तर वरचा मजला खाली येतो का? पुढच्या वर्षी चौथीचं पुस्तक तिथंच होतं, मूल तिथं नव्हतं."

मग मी माझं नेहमीचं शस्त्र काढलं. "ताई, सगळं कोरोनावर ढकलू नकोस. 'असर' या शिक्षण सर्वेक्षणाचे आकडे तुलाही माहीत आहेत. 2018 मध्ये, म्हणजे कोरोनाचं नावही नव्हतं तेव्हा, ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या शंभरातल्या 28 मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता येत होतं. 2022 मध्ये ते झाले 25.6 टक्के. घसरण आहे, पण मुळात घसरायला उरलं किती होतं? वाचनाची पडझड याहून मोठी होती. गणित आधीच तळाशी होतं."

"मान्य."

ती इतक्या पटकन मान्य करेल असं वाटलं नव्हतं.

"मान्य, कारण मी ते तीस वर्षं पाहिलंय. पण त्याच्या पुढचं वाच. 2024 च्या 'असर'मध्ये तिसरीच्या मुलांची हातच्याची वजाबाकी 33.7 टक्क्यांवर गेली. 2018 मध्ये 28.2 होती, 2022 मध्ये 25.9. म्हणजे लहान मुलं कोरोनाआधीच्याही पुढं गेली. पाचवीचा भागाकार 30.7. तोही वर. आता तुझी आठवी बघ. 2018 मध्ये 44.1, 2022 मध्ये 44.7, 2024 मध्ये 45.8. हललीच नाही. का?"

"तू सांग."

"निपुण भारत 5 जुलै 2021 ला आलं. उद्दिष्ट काय, तर तिसरीपर्यंतच्या मुलाला वाचता यावं आणि पायाभूत संख्याज्ञान यावं, 2026-27 पर्यंत. चांगली योजना. मी त्यात मनापासून काम केलं. पण तुझा हा 345 वाला पोरगा तेव्हा चौथीत होता. त्याच्या मागून दार उघडलं. मागची पोरं त्या दारातून आत गेली, आणि हा पुढच्या खोलीत एकटा. शाळा बंद पडल्यानं ज्यांचं सगळ्यात मोठं नुकसान झालं, ती मुलंच या उद्दिष्टाबाहेर राहिली. ती मुलं आता आठवीत आहेत, तुझ्याकडे. आणि तू त्यांना बहुपदींचा भागाकार शिकवणार."

तो धडा मला दिवाळीनंतर खरंच घ्यायचा आहे. बहुपदींचा भागाकार म्हणजे साध्या भागाकाराचीच मांडणी: वर भागाकार, आत भाज्य, एकेक पद वजा करत बाकीपर्यंत उतरायचं. अंकांचा भागाकार येत नसेल तर अक्षरांचा येणं अवघडच. ताई बरोबर होती. तरी मी मागं हटलो नाही, कारण माझ्याकडं एक अनुभव होता आणि तो मी तिला कधी सांगितला नव्हता.

"2022 मध्ये आमच्या शाळेत आम्ही तू म्हणतेस तेच केलं होतं. आठवीची चाचणी घेतली, ज्यांना वजाबाकी-भागाकार येत नाही अशी सव्वीस मुलं वेगळी काढली आणि गणिताच्या तासाला त्यांना दुसऱ्या खोलीत बसवलं. पहिला आठवडा बरा गेला. मग बाकीच्या मुलांनी त्या खोलीला 'बालवाडी' म्हणायला सुरुवात केली. मिसरूड फुटलेली मुलं, हातात काड्यांचे गठ्ठे. एक मुलगी रडत आली, सर, मला मागच्या बाकावर बसवा, पण आपल्याच वर्गात बसवा, मी काही बोलणार नाही. नोव्हेंबरपर्यंत सातजण शाळेत यायचे बंद झाले. त्यातले दोघे ऊसतोडीला आईबापाबरोबर गेले ते परत आलेच नाहीत. आणि त्या खोलीत बसलेल्यांचं आठवीचं बीजगणितही बुडालं. एक खड्डा भरायला दुसरा खणला. तेव्हापासून मी ठरवलंय, मुलाला त्याच्या इयत्तेतून उठवायचं नाही."

ताई बराच वेळ गप्प होती. आत भाची चकल्यांचा डबा उघडत होती, तेवढाच आवाज.

"हे तू मला आधी सांगायला हवं होतंस," ती म्हणाली. "काड्या चौदा वर्षांच्या मुलाच्या हातात देणं चूकच. ती माझ्या वर्गातली वस्तू. पातळीनुसार शिकवणं आणि पातळीवरून मुलाला ओळखणं यात फरक आहे. मुंबईत झोपडपट्टीतल्या मुलांसाठी 'प्रथम' संस्थेनं हे काम सुरू केलं, बालसखी म्हणून वस्तीतल्याच मुली नेमल्या, तेव्हा मुलं दिवसातला थोडा वेळ बालसखीकडे जायची आणि बाकी वेळ आपल्या वर्गात असायची. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात तेच तपासलं होतं. तुम्ही अख्खा गणिताचा तासच काढून घेतलात."

"तासाशिवाय वेळ कुठून आणायचा? शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला 35 मुलांमागं एक शिक्षक म्हटलंय. माझ्या वर्गात 48 आहेत. त्यातून मतदार यादीचं काम, रोजची ऑनलाइन माहिती, आणि दर आठवड्याला एक नवी लिंक."

"त्यावर आपलं भांडण नाही," ती म्हणाली. आणि खरंच त्यावर आमचं कधी भांडण झालेलं नाही.

मी विषय दुसरीकडं नेला. "एक बरं झालं. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. पुनर्परीक्षेतही नापास झाला तर त्याच वर्गात राहील. निदान न येता वर ढकलणं थांबेल."

"राहील कुठं? आठवीत. पुन्हा कुठलं पुस्तक घेऊन बसेल? आठवीचं. म्हणजे तुझा बहुपदींचा भागाकार दुसऱ्यांदा. तुझं 345 आहे तिसरीतलं. त्याला आठवीत दोनदा बसवलंस काय आणि पाचदा बसवलंस काय, तिसरी त्याच्याकडे चालत येणार नाही."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

पेपर चाळता चाळता ताईला आणखी एक चूक सापडली. प्रश्नात अक्षरी सत्तावीस होतं, मुलीनं अंकात 72 लिहिलं होतं. ताई हसली नाही. सोलापूरकडच्या तिच्या पहिल्या शाळेत निम्मी मुलं घरी कानडी बोलायची. "ती पोरं घरून इप्पत्तेळु ऐकून यायची. इप्पत्तु म्हणजे वीस, एळु सात. जसं बोलायचं तसंच लिहायचं, आधी दशक मग एकक. आपलं सत्तावीस उलटं. सात आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र नंतर. 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात वीस सात अशी जोडवाचनाची पद्धत आणली, तेव्हा किती गदारोळ झाला आठवतं? मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. त्या परोपरीनं सांगत होत्या की लहान मुलाला संख्या समजायला हे सोपं जातं. लोकांना वाटलं, भाषा बुडाली. मी दोन्ही म्हणून घ्यायचे. सत्तावीस म्हणा, आणि वीस सात म्हणा. तीन महिन्यांत पोरं उलटं लिहायची थांबायची. या मुलीला कुणी वीस सात म्हणून दाखवलंच नसेल."

"आठवीतल्या मुलीला मी वीस सात म्हणायला लावू?"

"कानात सांग," ताई म्हणाली. "एकदाच."

मग मी तिला बाजारातली गोष्ट सांगितली. खरं तर ती मी स्वतःच्या बाजूनं सांगायला घेतली होती.

दिवाळीच्या आधीच्या आठवडी बाजारात मी कांदे घ्यायला थांबलो आणि तराजूमागं माझाच विद्यार्थी बसलेला दिसला. हाच, 345 वाला. मला बघून तो उठायला लागला, मी बसवलं. कांदे 24 रुपये किलो. माझ्यापुढच्या बाईंनी पावणेदोन किलो घेतले आणि शंभराची नोट दिली. त्यानं वर बघितलंही नाही. "दोन किलोचे अठ्ठेचाळीस, पावाचे सहा कमी, बेचाळीस." आणि नोटा मोजत, "बेचाळीसला आठ, पन्नास. हे पन्नास. शंभर." बाईंच्या हातावर अठ्ठावन्न रुपये. पावणेदोनाला चोवीसनं गुणायला माझ्या वर्गातल्या हुशार मुलांनी कागद मागितला असता.

"म्हणून म्हणतो," मी ताईला म्हणालो, "या मुलांना तिसरीत परत न्यायची गरज नाही. डोकं तयार आहे. आठवीचंच गणित नीट शिकवलं तर ते झेप घेतील."

"झेप घेतील असं नाही रे. 'नेचर' नियतकालिकात 2025 मध्ये एक अभ्यास आलाय, बॅनर्जी-डुफ्लो यांचाच. कोलकात्याच्या आणि दिल्लीच्या बाजारात विकायला बसणारी मुलं. गिऱ्हाईकाचा हिशेब तोंडी बिनचूक. तेच गणित वहीतल्यासारखं मांडून दिलं की बरीचशी अडतात. आणि शाळेत शिकणारी, बाजारात न बसलेली मुलं उलटी. वहीतलं बरं, बाजारातल्या हिशेबाला गडबडतात. एका बाजूचं दुसऱ्या बाजूला आपोआप जात नाही. कुणीतरी हात धरून न्यावं लागतं."

असं म्हणून ती उठली, आतून पर्स घेऊन आली. त्यातून तिनं शंभराच्या तीन नोटा आणि दोन रुपयांचं नाणं काढून सतरंजीवर मांडलं.

"हे तीनशे दोन. मला सत्तेचाळीस दे."

मी नोटांकडं बघितलं. दहाची एकही नोट नव्हती.

"सुट्टे नाहीत," मी म्हणालो.

"मग काय करशील?"

"शंभरची मोड आणीन. दहाच्या दहा नोटा. त्यातली एक पुन्हा मोडीन."

"हाच हातचा. शंभर मोडले, दहाच्या दहा झाल्या. एक दहा मोडली, सुट्टे बारा झाले. बारातून सात गेले पाच, उरलेल्या नऊ दहांतून चार गेल्या पाच, दोन शतकं राहिली. दोनशे पंचावन्न. तुझ्या पोरानं हे कांद्याच्या ढिगामागं रोज केलंय. 'मोड' हा शब्द त्याला माहीत आहे, 'हातचा' माहीत नाही. त्याला माझ्या काड्या नकोत, आणि नुसतं तुझं पुस्तकही नको. त्याच्याच तराजूपासून तुझ्या वहीपर्यंत आण. तुझ्याच वर्गात, सूट आणि कमिशनची उजळणी घेताना."

"प्रत्येकाचा तराजू वेगळा असेल, ताई. अठ्ठेचाळीस मुलं."

"अठ्ठेचाळीस चुका नसतात. बस, मोज."

रात्री जेवणापर्यंत आम्ही दोघं मोजत बसलो. फुल्या बाजूला ठेवून फक्त एवढंच बघायचं, की पोरानं केलं कसं. अठ्ठेचाळीस पेपरांत वजाबाकी चुकलेली एकोणीस मुलं निघाली. त्यातल्या तेराजणांनी मोठ्यातून लहानच वजा केला होता. चौघांनी हातचा घेतला होता, पण शेजारच्या घरातून एक कमी करायला विसरले होते. दोघांचं काहीच कळेना. म्हणजे ज्याला मी तीन वर्षं 'वर्गाचा पाया कच्चा' म्हणत होतो, त्या धुक्यात दोन ठळक चुका आणि दोन मुलं होती. मला इतकं बरं वाटलं नव्हतं बऱ्याच दिवसांत. आणि तितकंच वाईटही वाटलं, कारण असे पेपर आधीच्या वर्षांतही माझ्याच हातात आले होते.

तरी मी ताईशी पूर्ण सहमत झालो असं नाही. वजाबाकी सापडली, भागाकार, अपूर्णांक, ऋण संख्या, यांचे असेच गुंते आहेत आणि दहावीची परीक्षा दोन वर्षांवर आहे. सहावी ते आठवीला रोजचा एक तास वेळापत्रकात अधिकृतपणे यासाठी मिळावा, मुलांना वेगळ्या खोलीत न नेता, आणि त्या तासाचा अहवाल कुणी मागू नये, एवढ्यावर आमचं एकमत झालं. ते मिळेल का, यावर झालं नाही.

सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्या मुलाला थांबवून घेतलं. पेपर दाखवला नाही. विचारलं, "तुझ्याकडं तीनशे दोन रुपये आहेत. मला सत्तेचाळीस दिलेस. किती उरले?"

"दोनशे पंचावन्न," माझं वाक्य संपायच्या आत.

"कसे काढलेस?"

"सत्तेचाळीसला तीन, पन्नास. अडीचशे, तीनशे. वरचे दोन."

मग मी त्याच्याच अक्षरातला 345 समोर ठेवला. तो बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला.

"सर, हे तर वाढलेत."

"हं."

त्यानं खिशातून पेन काढलं आणि 302 पुन्हा लिहिलं, खाली 47. एककाच्या दोनावर टोक टेकवलं, सातावर आणलं, परत वर नेलं. मग ते पेन मधल्या शून्यावर येऊन थांबलं.

"सर, इथं तर दहाची नोटच नाही. सुट्टे कुठून आणायचे?"